निजामाचे जवाहीर आणि घरची पेटी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा नावाचे एक ठिकाण आहे. नावाप्रमाणेच ते रस्ते फुटण्याचे ठिकाण. जालन्याकडून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूकडे वळणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. इतिहासाच्या ग्रंथांत या फाट्याची नोंद सापडण्याचे कारण नाही. तथापि येथून सेलूच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या माणसांपैकी कित्येकांच्या कमरेला, फडक्यात गुंडाळलेला एखादा दागिना कधी ना कधी असणार, हे सांगावयास इतिहासकार लागत नाही. ज्या प्रदेशात पाऊस बेभरवशाचा आणि सावकार मात्र हमखास, तेथे सोने हे अंगावरील भूषण असते, त्याहून अधिक ते अडीनडीचे साधन असते. सासूने सुनेला आणि आईने लेकीला दिलेली बोरमाळ, पाटल्या, सरी वा एकदाणी कधी मोडावी आणि कधी मोडू नये, हा प्रश्न या भागातील घरांनी पिढ्यान् पिढ्या सोडविला आहे. पुष्कळदा तो परिस्थितीनेच त्यांच्यासाठी सोडविला आहे.

हाच प्रश्न याच मुलखाच्या राजघराण्यापुढेही उभा राहिला होता, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते. देवगावच्या काळ्या जमिनीचा साराही अखेर हैदराबादेकडेच जात असे. त्या गादीकडे सव्वादोनशे वर्षांत जे जडजवाहीर साठले, त्यातील निवडक नगांची विक्री हे वडिलोपार्जित दागिन्यांच्या विक्रीचे आपल्या भूमीवरील सर्वांत मोठे आणि सर्वांत लांबलेले उदाहरण होय. नगांची संख्या १७३, रक्कम सुमारे २१८ कोटी रुपये आणि विक्रीचा विचार सुरू झाल्यापासून ती पुरी होईपर्यंतचा काळ दोन तपांना भिडणारा. एवढ्या मोठ्या व्यवहारात आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी काय पाहावे, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, पुष्कळ पाहावे. आकडे वेगळे असले तरी वारसांची मने वेगळी नसतात.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दागिने विकणे आणि दागिने विकले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नागपूरकर भोसल्यांचे उदाहरण घ्या. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसी याने त्यांचे राज्य १८५४ साली खालसा केले. त्यापाठोपाठ राजवाड्यातील चीजवस्तू ताब्यात घेण्यात आल्या, हत्तीघोडे नागपुरात लिलावात निघाले आणि जवाहीर कलकत्त्यास नेऊन तेथे विकण्यात आले. येणारा पैसा भोसले घराण्याच्याच निधीत जमा करू, असे सरकारचे म्हणणे होते. परंतु ज्या स्त्रियांच्या अंगावर ते अलंकार वागले होते, त्यांच्या संमतीला या सगळ्यात काही किंमत नव्हती. या लिलावाची चीड पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. त्याआधी १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाकडील नाशिकचा हिराही अशाच रीतीने लुटीचा माल म्हणून इंग्रजांच्या हाती गेला, लंडनच्या पेढीवर विकला गेला आणि त्यानंतर हातोहाती फिरत राहिला. या दोन्ही ठिकाणी निर्णय मालकाचा नव्हता. म्हणून तेथे विक्रीचा प्रश्नच उद्भवला नाही. जे झाले ते हरण होते.

निजामाच्या घराण्यानेही जवाहिराचा तारणासाठी उपयोग होताना पाहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या तैनाती पलटणींचा खर्च थकत गेला, संस्थान कर्जात बुडाले आणि हिरेमाणके गहाण टाकण्याची पाळी आली. शेवटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले. गहाण पडलेले जवाहीर पुढे पहिल्या सालारजंगाने सोडवून आणले. सावकाराच्या दारी दागिना नेण्याची नामुष्की केवळ कोरडवाहू शेतकऱ्याच्याच वाट्याला येते असे नाही, एवढे यावरून दिसते.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध नग म्हणजे जेकब हिरा. त्याची कथाही वारशाच्या दृष्टीने बोधक आहे. वजन १८४.७५ कॅरट. हा हिरा गोवळकोंड्याचा नव्हे, आफ्रिकेच्या खाणीतला. सिमल्याचा जवाहिऱ्या अलेक्झांडर माल्कम जेकब याने १८९१ साली तो सहावे निजाम महबूब अली खान यांना विकण्याचे ठरविले. किंमत ४६ लाख रुपये ठरली आणि त्यातील निम्मी रक्कम अनामत म्हणून दिली गेली. पुढे निजामांनी खरेदीस नकार दिला, पैसे परत मिळेनात आणि प्रकरण कलकत्त्याच्या न्यायालयात गेले. जेकब निर्दोष सुटला. परंतु खटल्याच्या खर्चाने आणि बदनामीने तो पुरता खचला. अखेर तडजोड होऊन हिरा निजामांकडेच राहिला, पण त्यांच्या मनातून तो उतरला होता. १९११ साली महबूब अली वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांना हा हिरा वडिलांच्या जुन्या जोड्याच्या टोकात सापडला आणि ते त्याचा कागदांवरील वजन म्हणून उपयोग करीत, असे सांगितले जाते. वडिलांना ज्याचा मनस्ताप झाला, ती वस्तू मुलाने कागदावर ठेवली, आणि नातवांच्या काळात तीच कोट्यवधींची ठरली. दागिन्याची किंमत आणि दागिन्याविषयीची माया या दोन गोष्टी बरोबरीने चालत नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

उस्मान अली खान हे जगातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून गाजले. १९३७ साली अमेरिकेतील एका साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. गादीचा अधिकार सरला, जहागिऱ्या रद्द झाल्या आणि मागे उरले ते खाजगी धन. त्याची वासलात लावताना मात्र या माणसाने असाधारण दूरदृष्टी दाखविली. २९ मार्च १९५१ रोजी त्यांनी जवाहिरासाठी एक न्यास स्थापिला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत त्याला पुरवणी न्यासाची जोड दिली. निवडक नग विश्वस्तांच्या स्वाधीन झाले. आपल्या हयातीत ते विकले जाऊ नयेत, आणि पुरवणी न्यासातील नग तर थोरल्या चिरंजिवांच्या हयातीतही विकले जाऊ नयेत, अशी व्यवस्था न्यासपत्रांत होती. म्हणजे दागिने कायमचे जतन करा, असे त्यांनी सांगितले नाही. ते कधी तरी विकले जाणार हे त्यांनी गृहीत धरले. फक्त केव्हा, कोणी आणि कोणाच्या हितासाठी, एवढे त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवले.

त्यांच्या सोन्याविषयी एक दंतकथा आजही घरोघर सांगितली जाते. १९६५ च्या युद्धानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री हैदराबादेस गेले असता निजामांनी राष्ट्रीय संरक्षण निधीस पाच हजार किलो सोने दान केले, अशी ती कथा आहे. वस्तुस्थिती अशी की निजामांनी त्या वर्षी सुवर्णरोख्यांच्या सरकारी योजनेत सुमारे ४२५ किलो सोने गुंतविले आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज होते. ते दान नव्हते. पण त्यात काही कमीपणाही नव्हता. पेटीत पडून राहिलेल्या जुन्या मोहरा देशाच्या निकडीला उपयोगी पडाव्यात आणि घरातील धनही बुडू नये, असा तो मध्यममार्ग होता. ठेवणे आणि विकणे यांच्यामध्ये आणखी काही वाटा असतात, हे त्या वृद्ध गृहस्थाला कळत होते.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी ते निवर्तले. त्यांचे थोरले चिरंजीव आझम जाह १९७० साली वारले आणि न्यासपत्रातील अट पुरी झाली. १९७२ च्या सुमारास विश्वस्त विक्रीचा विचार करू लागले. येथून जो प्रवास सुरू झाला त्यात तीन अडचणी एकीत एक गुंतत गेल्या.

पहिली अडचण गिऱ्हाइकाची. सरकारला प्रथम या संग्रहात फारसे स्वारस्य दिसले नाही. दुसरी अडचण कायद्याची. पुराणवस्तू आणि कलानिधी यांविषयीचा १९७२ चा कायदा १९७६ साली अमलात आला आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. खरी किंमत देऊ शकणारी पेठ परदेशात आणि माल मात्र देशातच ठेवण्याचे बंधन, अशी कोंडी झाली. तिसरी अडचण घरातली, म्हणून सर्वांत अवघड. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस विश्वस्तांनी खरेदीदारांकडून देकार मागविले, तेव्हा कुटुंबातूनच हरकत निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि विक्री थांबली. पुढे सरकारच खरेदीस पुढे आले, तेव्हा मूल्याचा वाद उभा राहिला. परदेशी तज्ज्ञांनी आकारलेली किंमत आणि सरकार देऊ करीत असलेली किंमत यांत मोठी तफावत होती. प्रकरण लवादाकडे गेले, त्याच्या निवाड्यावरही वाद झाला, आणि शेवटी न्यायालयाच्या मुदतीच्या आत, जानेवारी १९९५ मध्ये, केंद्र सरकारने सुमारे २१८ कोटी रुपये मोजून १७३ नग ताब्यात घेतले. सरपेच, कंठे, बाजूबंद, कमरपट्टे, अंगठ्या, बसऱ्याच्या मोत्यांचा सातपदरी हार, न जडविलेले पाचू आणि तो जेकब हिरा, असे सगळे मुंबईतील बँकेच्या तिजोरीतून निघून रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेले. २००१ पासून दिल्ली व हैदराबाद येथील संग्रहालयांत त्यांची काही वेळा प्रदर्शने भरली. २०१९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलेले प्रदर्शन पुष्कळांनी पाहिले असेल.

या व्यवहाराचा हिशेब कसा मांडावा? वारसांच्या बाजूने पाहिले तर खुल्या बाजारात मिळाली असती त्याहून किंमत कमी आली, आणि तीही वीस-बावीस वर्षे उशिराने. ज्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही व्यवस्था केली, त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य वाट पाहण्यातच सरले. देशाच्या बाजूने पाहिले तर नाशिकच्या हिऱ्याची जी गत झाली ती या संग्रहाची झाली नाही. तो फुटला नाही, सुटासुटा होऊन परदेशी गेला नाही. एकत्र राहिला आणि ज्या प्रजेच्या साऱ्यातून तो साठला तिच्या वंशजांच्या नावे झाला. देवगावच्या शेतकऱ्याच्या नातवाला आज त्याकडे 'आमचे' म्हणून पाहता येते. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि एकाच निर्णयातून सर्वोत्तम किंमत, पूर्ण संग्रह आणि घरातील एकोपा ही तिन्ही फळे मिळत नाहीत. त्यांपैकी आपल्याला कोणते हवे, हे आधी ठरवावे लागते. निजामांनी न्यास केला, काळ ठरविला, विश्वस्त नेमले. पण सर्व वारसांचे मन एक करणे त्यांच्याही हाती नव्हते. ते काम कागदाने होत नाही, हयातीतल्या बोलण्यानेच होते.

आता राजवाड्यातून पुन्हा देवगाव फाट्यावर येऊ. येथील घरात जवाहीर नसते, चार-दोन तोळे सोने असते. पण त्याचे शास्त्र कमी बारीक नाही. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा मासे म्हणजे एक तोळा, आणि आठ गुंजा म्हणजे एक मासा. जुन्या बायांना हे कोष्टक तोंडपाठ असे, कारण सोनाराच्या तराजूपुढे तेच त्यांचे एकमेव शस्त्र होते. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. म्हणून घेताना भरलेले वजन मोडताना भरत नाही. घडणावळ तर बुडतेच. कसोटीच्या दगडावर कस उतरला की डाकाची तूट वजा होते, आणि मोडीचा भाव नव्या सोन्याच्या भावाहून कमीच मिळतो. जो अडचणीत घाईने जातो त्याला यांतले काही विचारण्याची सवड नसते.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने अशाच घाईत काढला. विहिरी आटल्या, गुरे दावणीवरून सुटली, आणि घरंदाज स्त्रियाही रोजगाराच्या कामावर खडी फोडावयास गेल्या. त्या दिवसांत ज्यांचे दागिने मोडले गेले त्यांना भाव ठरविण्याची मुभा नव्हती. योगायोग असा की हैदराबादचे विश्वस्त विक्रीचा विचार करू लागले तेही याच सुमारास. एकीकडे उत्तम किंमत येण्यासाठी थांबण्याची ऐपत होती, दुसरीकडे उद्याच्या ज्वारीसाठी आजच विकणे भाग होते. विक्रीचा निर्णय चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी या थांबण्याच्या ऐपतीवर अवलंबून असते. म्हणून ज्यांना आज निकड नाही त्यांनीच हा विचार आज करावा.

सरकारी धोरणानेही या पेटीला वेळोवेळी हात घातला आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि हजारो सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या. चौदा कॅरटची ती अट पुढे उठली, पण १९६८ साली नियंत्रणाचा सविस्तर कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द होईपर्यंत टिकला. १९५३ ते १९८५ या काळात मृताच्या मालमत्तेवर संपदा शुल्क होते. आज तसा वारसाकर नाही. मात्र वारसाने आलेला दागिना विकला तर होणाऱ्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर लागतो, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्याच्या बाबतीत त्या दिवशीचा भाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. त्या भावाचा मूल्यमापकाचा दाखला हाती असावा. २००० सालापासून हॉलमार्कची सोय आहे आणि २०२१ पासून सराफांवर ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. जुन्या दागिन्यावर असा शिक्का नसतो. म्हणून विकण्यापूर्वी परीक्षण केंद्रात कस तपासून घेणे आणि दोन-तीन पेढ्यांवर भाव विचारणे हेच शहाणपणाचे.

आता आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपुरती एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्याला लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा आणि मुलगी यांत भेद करीत नाही. मृत्युपत्र नसेल आणि मागे मुले असतील, तर विधवेचा वा विधुराचा एक तृतीयांश वाटा वगळता उरलेले सर्व मुलांत समसमान वाटले जाते. विवाहामुळे पतीला पत्नीच्या मालमत्तेत हक्क मिळत नाही, हेही त्या कायद्यात स्पष्ट आहे. म्हणजे आईच्या पेटीतील पाटल्या या पहिल्याने आईच्या, आणि तिच्यामागे वडिलांच्या व सर्व भावंडांच्या. 'सोने मुलींचे आणि जमीन मुलांची' हा आपल्याकडे रूढ असलेला व्यवहार प्रेमाने झाला तर गोड. पण तो कायदा नव्हे. सासरी गेलेल्या बहिणीला न विचारता दागिना मोडणे किंवा धाकट्या सुनेच्या अंगावरचे उतरवून थोरल्याचे कर्ज फेडणे, हे आपल्या अनेक घरांत मौन धरून घडले आहे. नागपूरच्या राजवाड्यातील स्त्रियांना कोणी विचारले नाही म्हणून आपण हळहळतो. आपल्या घरात तेच घडले तर त्याला मात्र आपण अडचण असे नाव देतो.

म्हणून विक्रीपूर्वी चार प्रश्न विचारले जावेत, आणि तेही याच क्रमाने. हे कोणाचे आहे? सर्वांची संमती कागदावर आहे काय? यातील कोणते नग फुटू नयेत, कोणते मोडीत गेले तरी चालतील? साधी साखळी वितळली तर केवळ सोने वितळते. पण आता जिची घडण कोणास येत नाही अशी वज्रटीक वितळली तर एका सोनाराची अख्खी पिढी वितळते. अशी वस्तू मोडीत घालण्याआधी घरातल्याच एखाद्याने तिची किंमत देऊन ती ठेवून घ्यावी, इतरांना त्यांचा वाटा रोख मिळावा. आणि चौथा प्रश्न, पैसा कशासाठी? शिक्षण, औषध, शेतातील विहीर, डोक्यावरचे छप्पर यांसाठी आजीची सरी गेली तर ती गेली असे म्हणू नये; ती रूप पालटून घरातच राहिली. लग्नातील एका दिवसाच्या थाटासाठी ती गेली तर मात्र ती खरोखरच गेली.

निजामाचे १७३ नग आज रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत सुरक्षित आहेत; ते सांभाळावयास देश समर्थ आहे. आपल्या घरच्या पेटीला असा रखवालदार नाही. तिचा हिशेब, तिच्यातील प्रत्येक नगाचे नाव आणि तो कोणी कोणाला दिला ही हकिकत घरातील वडीलधाऱ्या स्त्रीलाच ठाऊक असते. ती बसती-बोलती असताना, मुलगे, मुली, सुना यांना समोर बसवून तिच्याकडून ते लिहून घ्यावे आणि तिची इच्छा दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्रात उतरवावी. मग पुढे ते दागिने ठेवले जावोत वा विकले जावोत, भावंडांना एकमेकांच्या दारात जाताना मान खाली घालावी लागणार नाही.